घरांतील बंदूक

वडील माणूस गेलें म्हणजे मागें राहिलेल्यांत वांटणीचा प्रश्न निघावयाचा, ही जगरहाटीच आहे. आमच्या घरीं शेताची वांटणी दोन बैठकींत उरकली, भांड्याकुंड्यांची त्याहूनहि लवकर; परंतु एक वस्तु अशी निघाली कीं, तिची वांटणी करतां येईना व ती घरांत ठेवतांहि येईना. ती वस्तु म्हणजे वडिलांची दुनळी बाराबोअर बंदूक. परवाना ज्याच्या नांवें, त्याच्याबरोबर तोहि संपतो. तेव्हां तेरावा आटोपल्यावर आम्ही व आमचा पुतण्या ती बंदूक जुन्या धोतरांत गुंडाळून पोलीस ठाण्यांत जमा करून आलों. हवालदारांनीं तिच्यावरील नंबर वाचला, नोंदवहींत टिपला, आणि पावती दिली. लहानपणीं जिच्याकडे मान वर करून पाहण्याचीहि आम्हांस भीति वाटे, तिची पावती खिशांत सहज मावली ह्याचें त्या दिवशीं मोठें नवल वाटलें.

आमचें गांव सेलू तालुक्यांत, बोरच्या जंगलाच्या अंगाला आहे. १९५९ चा शस्त्र-कायदा १९६२ च्या ऑक्टोबरांत अंमलांत आला. त्यानंतर दोनतीन वर्षांनीं वडिलांनीं हा परवाना मिळविला. कारण उघड होतें. हरभऱ्यास घाटे धरले कीं रानडुकरांचे कळप उतरत, आणि तुरीवर रोही येत. त्या बंदुकीनें वडिलांनीं एकहि जनावर मारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. ते रात्रीं मचाणावर जात, आभाळाकडे नळी करून एक बार काढीत, आणि सकाळीं चहा घेतांना रिकामें काडतूस बशीच्या शेजारीं उभें करून ठेवीत. खंडेनवमीस विळा, कुऱ्हाड व डवऱ्याची फास ह्यांच्याबरोबर बंदुकीलाहि हळदकुंकू मिळे. निवडणूक आली म्हणजे ती ठाण्यांत नेऊन ठेवावी लागे. “ही बंदूक सरकारची, मी नुसता पुसणारा,” असें ते थट्टेनें म्हणत.

आमचे थोरले बंधु पूर्वींच वारले. शेत पाहतो तो त्यांचा मुलगा. बंदूक आपल्या नांवें व्हावी असें त्याच्या मनांत आलें. अशा अर्जास इतर वारसांची ना-हरकत लागते. म्हणून त्यानें मुद्रांकावर मजकूर टंकून घेऊन आमच्याकडे पाठविला. सहीची जागा तेवढी कोरी होती. तो कागद चार महिने आमच्या टेबलावर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखालीं पडून राहिला. शेवटीं दिवाळीस पुतण्या स्वतः आला आणि म्हणाला, “काका, सहीला काय अडलं?”

आम्हीं प्राध्यापकास शोभेसें उत्तर दिलें. गांधीजींनीं ज्या जिल्ह्यांत घर केलें, त्या जिल्ह्यांत घरोघर बंदुका नांदाव्या हें कांहीं बरें नव्हे, असें म्हटलें. तो हंसला. “गांधीजींनींच लिहिलंय काका, कीं अन्नाचा तुटवडा असतांना अहिंसेच्या नांवाखालीं जनावरांना पीक खाऊं देणं हें पाप आहे. शाळेंत असतांना सेवाग्रामच्या शिबिरांत आम्हांला वाचून दाखवलं होतं.” आम्हीं शोधून पाहिलें; १९४६ च्या ‘हरिजन’ पत्रांत गांधीजींनीं खरोखरच त्या अर्थाचें लिहिलें आहे. ज्याला आम्ही लहानपणीं बाराखडी शिकविली त्यानेंच आमचें तोंड बंद केलें! निरुत्तर झालेला प्राध्यापक जेथें जातो तेथेंच आम्ही गेलों, म्हणजे ग्रंथालयांत.

तेथें बसून जें वाचलें त्यावरून प्रथम एक गोष्ट ध्यानांत आली. आपल्या देशांत शस्त्रांचा प्रश्न निघाला तो चोरदरोडेखोरांच्या निमित्तानें नव्हे. तो मानापमानाचा प्रश्न म्हणून निघाला. १८७८ सालीं लॉर्ड लिटन ह्यांच्या कारकीर्दींत दोन कायदे झाले. एकानें देशी भाषांतील वृत्तपत्रांचें तोंड बांधलें, दुसऱ्यानें देशी माणसाचे हात. परवान्यावांचून शस्त्र बाळगूं नये हा नियम वरवर पाहतां सर्वांस सारखा. परंतु त्याला जोडलेल्या सवलतींमुळें युरोपियन माणूस त्यांतून मोकळा राही. म्हणजे काल मुंबई बंदरांत उतरलेला गोरा कारकून बंदूक खांद्यावर टाकून हिंडूं शके, आणि पिढीजाद पाटलाला मात्र आपल्या भरंवशाचा दाखला मिळवावा लागे. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपन ह्यांच्या अमदानींत, चार वर्षांच्या आंत, रद्द झाला. शस्त्रांचा कायदा स्वराज्य आल्यावरहि कित्येक वर्षें टिकून राहिला.

हा अपमान लोकांस चांगलाच झोंबला होता. राष्ट्रसभेनें १८८७ च्या मद्रास अधिवेशनांतच ह्या कायद्यासंबंधीं ठराव केला. १९२७ सालीं आमच्या शेजारच्या नागपुरांत मंचेरशा आवारी ह्यांनीं तलवारी हातीं घेऊन मिरवणुका काढल्या आणि कायदेभंगाबद्दल तुरुंगवास पत्करला. गांधीजींनीं त्या चळवळीस सत्याग्रह म्हणण्याचें नाकारलें. परंतु ह्याच गांधीजींनीं १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीसाठीं हिंडत असतां काढलेल्या पत्रकांत शस्त्रबंदीला इंग्रजी राज्याच्या पातकांत अग्रस्थान दिलें होतें. पुढें १९३० च्या जानेवारीच्या अखेरीस त्यांनीं सरकारपुढें अकरा मागण्या मांडल्या. त्यांत मीठ होतें, दारूबंदी होती, जमीनमहसूल होता. आणि अकरावी मागणी अशी होती कीं, आत्मसंरक्षणासाठीं बंदुकीचे परवाने द्यावे व ते लोकांच्या नियंत्रणाखालीं असावे.

‘लोकांच्या नियंत्रणाखालीं’ ह्या शब्दांपाशीं आम्ही अडखळलों. अहिंसेचा पुरस्कर्ता बंदुकीचा परवाना मागतो, हें नवल खरेंच. परंतु त्याहून मोठें नवल ह्या अटींत आहे. सरकारचें नियंत्रण नको, असें तो म्हणत नाहीं. नियंत्रणच नको, असेंहि म्हणत नाहीं. तें नियंत्रण लोकांचें असावें, एवढीच त्याची अट आहे. आतां बंदुकीवर लोकांनीं नियंत्रण ठेवावयाचें म्हणजे काय करावयाचें? हा प्रश्न आम्हीं मनांत टिपून ठेवला व पुढें वाचूं लागलों.

१९३१ च्या कराची येथील मूलभूत हक्कांच्या ठरावानेंहि प्रत्येक नागरिकास नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क देऊं केला होता. मग तो आपल्या घटनेंत कां उतरला नाहीं? १९४८ च्या डिसेंबरच्या आरंभीं घटनासमितींत तशी उपसूचना आली होती, आणि ती मांडणारे हरि विष्णु कामत हे आमच्याच मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद होते. त्यांना डॉ. आंबेडकरांनीं दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा : परक्या सरकारनें शस्त्रें नाकारलीं तीं शांततेच्या काळजीनें नव्हे, जित लोकांनीं आपल्याविरुद्ध उठूं नये म्हणून, त्यामुळें राष्ट्रसभेची मागणी त्या काळीं रास्त होती. तें कारण आतां उरलें नाहीं. वाटेल त्यानें बाजारांत जाऊन वाटेल तें मारक हत्यार खरेदी करावें अशी मोकळीक दिल्यास राज्य चालावयाचें कसें? आग्रह धरावयाचाच तर तो शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, राष्ट्रावर संकट आल्यास शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा. कामतांची उपसूचना फेटाळली गेली.

हा वादविवाद वाचतांना त्याच वर्षाच्या जानेवारीची तीस तारीख डोळ्यांपुढून हलत नाहीं. गांधीजी १९४६ च्या ऑगस्टांत सेवाग्रामाहून दिल्लीस गेले ते परत आले नव्हते. १९४८ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं ते यावयाचे होते. त्याआधींच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पिस्तूल इटालियन बनावटीचें, ग्वाल्हेरींत पैदा केलेलें. परवान्याचें नांव नाहीं. येथें कोणी विचारील कीं, कायदा असतांहि पिस्तूल मिळालें, मग कायद्याचा उपयोग काय? आमचें उत्तर असें कीं, मनाचा निश्चय केलेल्या माणसास कायदा क्वचितच अडवूं शकतो. परंतु घटकाभर संतापलेल्या किंवा घटकाभर खचलेल्या माणसाच्या हातापासून तो हत्यार दूर ठेवूं शकतो. आणि जगांत निश्चयाचीं माणसें थोडीं. घटकाभरांत तोल जाणारीं आपण सारींच आहों.

परदेशांचा अनुभव हेंच सांगतो. इंग्लंडांत १६८९ च्या हक्कांच्या सनदेंत शस्त्राचा उल्लेख आला तो प्रॉटेस्टंट प्रजेपुरता व कायद्याच्या मर्यादेंत. अमेरिकेनें १७९१ सालीं दुसऱ्या घटनादुरुस्तीनें तो हक्क आपल्या घटनेंत बसविला, आणि तो व्यक्तिशः प्रत्येकाचा हक्क आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं दिला. त्या देशांत शाळांवर होणारे गोळीबार आपल्या वर्तमानपत्रांत येतात. परंतु तेथें बंदुकीच्या गोळीनें मरणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक माणसें स्वतःच्याच हातानें मरतात, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. इकडे स्कॉटलंडांतील डनब्लेनच्या शाळेंत १९९६ सालीं सोळा मुलें व त्यांची शिक्षिका मारलीं गेलीं, तेव्हां पुढल्याच वर्षीं ब्रिटननें हातबंदुकांवर बंदी घातली. त्याच वर्षीं पोर्ट आर्थर येथील हत्याकांडानंतर ऑस्ट्रेलियानें लोकांकडून सहा लाखांहून अधिक बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. शस्त्र सोडल्यानें हे लोक कांहीं गुलाम झाले नाहींत.

आमच्या देशानें मधला मार्ग धरला आहे, आणि तो पुष्कळांस वाटतो तितका आडमुठा नाहीं. १९५९ चा कायदा चाळतांना चर्चेंत ज्यांचा उच्चार क्वचितच होतो अशा तीन गोष्टी आम्हांस आढळल्या. पिकाच्या राखणीसाठीं कोणीं ठासणीची बंदूक मागितली, किंवा संरक्षणासाठीं वीस इंचांहून आंखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक मागितली, तर नाकारण्यास कायदेशीर कारण नसल्यास परवाना दिलाच पाहिजे. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं, एवढ्याच सबबीवर तो नाकारतां येत नाहीं. आणि नाकारला तर कारणें लेखी नमूद करावीं लागतात, व त्यावर अपील चालतें. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवतां येतात, परवान्याची मुदत तीन वर्षांची पांच वर्षें झाली, आणि लग्नाकार्यांत हौसेखातर बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणारास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे; त्यासाठीं १९७२ च्या वन्यजीव-कायद्याखालीं वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. सारांश, बंदूक हा आमचा जन्मसिद्ध हक्क नव्हे. परंतु आमच्या मागणीचा विचार न्यायानें व्हावा, जातीवर्णाकडे वा संपत्तीकडे पाहून होऊं नये, आणि नकाराचें कारण आम्हांस कळावें, हा मात्र आमचा हक्क आहे. लिटनच्या कायद्यांत जें नव्हतें, तें हेंच.

इतकें कळल्यावर समाधान व्हावयास हवें होतें. पण एक काटा सलत राहिला. आमच्या शेतावर रात्रींची जागल करतो तो पुतण्या नव्हे, सालदार. वडिलांच्या वेळींहि बंदूक महिन्यांतून एखाद्या रात्रीं मचाणावर जाई. उरलेल्या रात्रीं तेथें सालदार, त्याची काठी आणि पत्र्याचा डबा. ह्या सर्व वादांत त्याचें मत कोणीं विचारलें नव्हतें, म्हणून आम्हीं विचारलें. तो म्हणाला, “डुकराले काय मालूम मालक, परवाना कोनाच्या नावानं हाय? बंदूक रायते वाड्यात, अन् वावरात रायतो मी.” मालमत्ता नसली तरी परवाना मागतां येतो, हें त्याला ठाऊक नव्हतें, आणि त्याला तें सांगण्याचें आम्हां शिकलेल्यांपैकीं कोणाच्या मनांतहि आलें नव्हतें. आमच्या गांवांत परवान्याचीं जीं दोनचार घरें आहेत, तीं सारीं जमीनवाल्यांचीं आहेत. तेव्हां हक्काची भाषा बोलतांना आपण कोणाचा हक्क मोजतों, हें एकदां तपासून पाहावें हें बरें.

पुतण्याचा दुसराहि एक मुद्दा होता. “शस्त्रं सरकारच्या हातीं सुरक्षित, असं तुम्हांला वाटतं. आगरगांवच्या लोकांना विचारा,” असें तो म्हणाला होता. आगरगांव हें पुलगांवच्या दारूगोळा भांडाराच्या शेजारचें गांव. सेवाग्राम ज्या जिल्ह्यांत, त्याच जिल्ह्यांत देशाच्या सैन्याचें हें प्रचंड कोठार आहे. ३१ मे २०१६ च्या पहांटे तेथें आग लागून स्फोट झाले. दोन अधिकारी व आग विझविणारे जवान धरून सोळांहून अधिक माणसें गेलीं, आणि शेजारच्या गांवांतील लोक रातोरात घरें सोडून पळाले. २० नोव्हेंबर २०१८ रोजीं जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर पुन्हां स्फोट होऊन सहा जण मेले. त्यांत मजुरीला गेलेले गांवकरी होते. त्याहून जुनी आठवण आष्टीची. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. ठाण्यावर चालून गेलेल्या निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला, सहा गांवकरी हुतात्मे झाले, आणि खवळलेल्या लोकांच्या हातून पोलिसांचेहि बळी गेले. सरकारच्या हातांतील बंदूक निर्दोष असते, असें वर्धा जिल्ह्याच्या माणसानें तरी म्हणूं नये. परंतु ह्यावरून प्रत्येकानें बंदूक घ्यावी असें निघत नाहीं. सरकारच्या शस्त्रांचा जाबहि लोकांना विचारतां आला पाहिजे, एवढेंच निघतें. नियंत्रण लोकांचें असावें, ही अकराव्या मागणींतील अट दोन्ही बाजूंस लागू आहे.

मग सही करावयास अडचण कोणती होती? खरें सांगावयाचें तर इतका वेळ जें वाचलें आणि लिहिलें, तें मुख्य गोष्टीपासून दूर राहण्यासाठींच. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं पंतप्रधानांनीं विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. आमच्या पुतण्याचीं मागलीं दोन वर्षें वाईट गेलीं. एका वर्षीं कापूस बोंडअळीनें खाल्ला, दुसऱ्या वर्षीं सोयाबीन काढणीच्या वेळीं पावसांत सांपडलें. एरवीं बडबड्या असलेला हा मुलगा वडिलांच्या तेराव्यास जेवणाच्या पंक्तींतून उठून गोठ्यांत जाऊन एकटाच बसला होता. आम्हीं तें पाहिलें. विचारलें मात्र नाहीं. आम्हांस भीति चोराची नव्हती, डुकराची नव्हती, शेजाऱ्याचीहि नव्हती. आम्हांस भीति त्याची होती, ती त्याच्याचसाठीं. लिटननें प्रजेवर अविश्वास केला तो तिच्या बळास भिऊन; आम्हीं पुतण्यावर केला तो मायेपोटीं. परंतु कारण न सांगतां अर्ज दाबून ठेवावयाचा, ही रीत दोघांचीहि एकच ठरली! ज्या कायद्याच्या लेखी-कारणांच्या कलमाचें आम्हीं वर कौतुक केलें, तें आम्हींच घरांत पाळलें नव्हतें.

मार्गशीर्षांतल्या एका शनिवारीं आम्ही गांवीं गेलों. रात्रीं जेवण झाल्यावर पुतण्याबरोबर शेतावर गेलों. मचाणाखालीं सालदारानें शेकोटी पेटविली होती. तो पलीकडच्या बांधावर फेरी घालावयास गेला, तेव्हां आम्हीं आडपडदा न ठेवतां विचारलें, “बाळ, तुझ्या मनांत कधीं वाईट विचार येतो का?” तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं, काटकीनें विस्तव सारखा करीत राहिला. मग म्हणाला, “येत होता काका. मागच्या उन्हाळ्यांत. आतां नाहीं. पण दोन वर्षांत हें विचारणारे तुम्ही पहिले.” त्यानंतर बँकेचें कर्ज किती, खासगी किती, झोंप किती दिवस नव्हती, बायकोला काय ठाऊक आहे आणि काय नाहीं, हें सारें त्यानें सांगितलें. मध्येंच सालदार परत आला. त्याला पाहून पुतण्या थांबला नाहीं, आणि सालदारालाहि त्यांत नवीन असें कांहीं वाटलेलें दिसलें नाहीं. त्याला तें आधींपासून ठाऊक असावें. ज्याच्या चारित्र्याचा अहवाल पोलिसांनीं जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावयाचा, तो माणूस रात्रीं झोंपतो कीं नाहीं, हें पोलिसांस कसें कळावें? तें घरच्यांनीं व शेजाऱ्यांनीं जाणावयाचें असतें. अकराव्या मागणींतील त्या अटीचा निदान एक अर्थ आम्हांस त्या शेकोटीपाशीं उलगडला. ना-हरकतीचा कागद ही कचेरीची कटकट नसून, कायद्यानें आप्तांना विचारलेला प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर चार महिने गठ्ठ्याखालीं ठेवतां येत नाहीं.

सकाळीं आम्हीं त्या कागदावर सही केली. तो केव्हां द्यावयाचा हें पुतण्यानें ठरवावें, असें सांगितलें. “यंदा राहूं दे,” तो म्हणाला, “आधीं कुंपणाचं बघूं.” कुंपणाचा निम्मा खर्च आम्ही द्यावा, आणि सालदारासाठीं चांगली बॅटरी व मचाणावर पत्रा घ्यावा, असें ठरलें. सालदारानें स्वतःच्या नांवें अर्ज करावा काय, हेंहि आम्हीं त्याला विचारलें. त्यानें मान हलविली आणि बॅटरीच बरी असें सांगितलें. तो निर्णय त्याचा आहे. पण विचारल्यानंतरचा आहे.

आतां एक शनिवार सोडून एक शनिवार आम्ही गांवीं जातों. बंदूक अजून ठाण्यांतच आहे आणि तिची पावती पुतण्याच्या कपाटांत आहे. गेल्या खेपेस रात्रीं दोनच्या सुमारास डुकरें आलीं. सालदारानें डबा बडविला, पुतण्यानें बॅटरीचा झोत टाकला, आणि आम्हीं, तीस वर्षें वर्गांत कमावलेला आवाज सगळा पणास लावून, घसा बसेपर्यंत ओरडलों. हरभऱ्याच्या दोन ओळी गेल्या, बाकीच्या राहिल्या.